'काल किरन पडले' : आजोबांच्या पत्राचं दुसरं पान

उसगावची सून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. शेवटी आज दुपारी बसलेच.

माझं माहेर दोडामार्गाकडचं, सासर इथं गोव्यात उसगावला. आईचे वडील मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार जाऊन आले, त्यानंतर जन्मभर शेती केली आणि युद्धाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. गेल्या पावसाळ्याआधी माहेरच्या घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावरची त्यांची लोखंडी ट्रंक खाली आली. मामा म्हणाला, "तुका वाचूक आवडता, तू घेऊन जा." झाकणावर पांढऱ्या रंगात तीन, तिरकी रेघ, पाच असं रंगवलेलं. आत एक घोंगडी, दोन बिल्ले, पट्ट्याचं पितळी बक्कल आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं हे पत्र.

पत्र आम्हाला नवं नाही. निदान त्याचं पहिलं पान तरी. लहानपणी आजी ते वाचून घ्यायची, तिला अक्षर येत नव्हतं. "काल किरन पडले. मोठ्या साहेबाने आपल्या पलटणीचे नाव सर्वांसमक्ष घेतले." एवढ्या दोन ओळी घरात सगळ्यांना पाठ. आजोबांचा किरण नावाचा जिवाभावाचा मित्र लढाईत पडला, हे आम्ही जन्मापासून ऐकत आलो. पितृपक्षात म्हाळाला आमच्याकडे किरणचं जेवणाचं वेगळं पान असायचं. आजी ओरडायची, "आधी किरनाचा पान वाढ गो!" वडे, आळवाची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. आजी गेल्यावर आईने चालू ठेवलं, आईनंतर मामीने.

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत हे पत्र छापून आलं. मामाने मोठ्या हौसेने दोन्ही पानं दिली होती. छापलं फक्त पहिलं, आणि वर मथळा : मित्राचं वीरमरण. दुसऱ्या पानाबद्दल विचारलं तर म्हणाले, ते जरा उदास वाटतं.

आता ते दुसरं पान माझ्यासमोर आहे. चार घड्यांवर कागद विरलाय, एका ठिकाणी कुणीतरी भाताच्या खळीने मागून पट्टी लावली आहे. पेन्सिलीचं अक्षर आहे, पण जिथं पाणी लागलंय तिथं जांभळं झालंय. फोटो टाकलाय, आणि मला लागलं तसं उतरवते. विरामचिन्हं माझी, कारण त्यांनी एकही दिलेलं नाही.

"शिमग्याची पुनव होऊन दोन दिवस झाले होते. चांदणे भरपूर होते. त्या चांदण्यात डोंगर चढलो. वरती काय झाले ते लिहीत नाही. आज त्याच वाटेने खाली आलो ते लिहितो. ह्या मुलखात माती नाही, नुसता कातळ. खणता येत नाही. आपल्या माणसांस अग्नी दिला, लाकूड फार लांबून आणले. त्यांच्या माणसांवर धोंडे रचले. बारा दिवस उन्हात होती. धोंडे उचलून हाताची साले गेली तरी सगळी झाकून झाली नाहीत. एक काळा शिपाई दोन धोंड्यांच्या मध्ये बसल्यासारखा होता. पायात वहाण नाही. पायाच्या भेगा आपल्या नाऱ्याच्या बापासारख्या. तोही आमच्यासारखाच दुसऱ्याच्या राजाचा चाकर. एका गोऱ्याच्या खिशात तसबीर मिळाली, म्हातारी आणि शेळी. ती मी परत त्याच्याच खिशात ठेवली. खाली पाणी पोटभर मिळाले. प्यालो आणि ओकलो. इथे कावळा दिसला नाही. घारी आहेत. म्हाळाला किरनचे म्हणून एक पान ठेवावे. बाबांनी विसरू नये."

खाली तारीख : चैत्र शु॥ १. साल नाही, गावाचं नाव नाही, पाकीट नाही.

माझं विचारणं एवढंच. हे कुठलं ठिकाण? आणि किरण कोण होता, त्याच्या घरची माणसं शोधता येतील का? त्यांना हे पान दाखवावंसं फार वाटतं.

भाटकार

वाचून सुन्न झालो. "म्हातारी आणि शेळी" इथं थांबलो, पुढं वाचवेना. नंतर परत येऊन वाचलं.

ट्रंकेवरचं तीन-तिरकी रेघ-पाच म्हणजे पाचवी मराठा लाईट इन्फंट्री, तिसरी पलटण. इटलीत १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात केलेल्या पराक्रमासाठी यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, ते याच पलटणीतले, माणगावकडचे. तिथल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांचं स्मारक झालं. तेव्हा हे पत्र इटलीचं असू शकेल.

उसगावची सून

भाटकारदादा, आभार. पण इटलीत कातळ आणि पाण्याचे हाल? मला नकाशातलं फारसं कळत नाही, म्हणून विचारते.

मोडीवाला

ताई, मी जुनी कागदपत्रं वाचतो, त्यामुळे माझं लक्ष आधी अक्षराकडं गेलं. तुम्ही टाकलेल्या फोटोत शिरोरेघ आधी ओढून मग अक्षरं टांगली आहेत, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. हा मोडी शिकलेला हात आहे. बालबोध लिहितोय, पण वळण मोडीचं. अशा हातात 'कि' आणि 'के' यांत गफलत सहज होते. या पानावर 'घेतले'सुद्धा 'घितले' वाटावं असं लिहिलंय, बघा.

दुसरं म्हणजे व्याकरण. जिवाभावाचा मित्र मेला तर आपण 'पडला' लिहू. एकेरीतला मित्र एकदम 'पडले' कसा होईल? 'पडले' हे नपुंसकलिंगी आहे. ठाणे पडले, गाव पडले, तसं.

आणि १९४०च्या आसपास आपल्या भागात पोरांची नावं काय असायची? पांडू, भिको, विठू, सखाराम. किरण नावाचा शिपाई मला तरी त्या काळच्या कुठल्याही कागदात भेटलेला नाही.

मला वाटतं, किरन माणूस नाही. गाव आहे.

माजी सुभेदार, साखळी

मोडीवाले बरोबर बोलले. ते केरन आहे. आफ्रिकेत, इरिट्रियात. आमच्या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत हे नाव आहे. भरतीनंतर बेळगावच्या सेंटरला आम्हाला ते पाठ करून घेतात, म्हणून 'किरन पडले' वाचल्याबरोबर अंगावर काटा आला.

सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या आजोबांनी "वरती काय झाले ते लिहीत नाही" म्हटलंय. कुणीतरी ते लिहायला हवं.

इरिट्रिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होती. सुदानमधून आपली चौथी आणि पाचवी डिव्हिजन आत शिरली. अस्मारा शहराकडं जाणारा रस्ता आणि रेल्वे तेव्हा एका अरुंद खिंडीतून वर चढायची, तिच्या दोन्ही अंगांना उघडेबोडके डोंगर. त्या डोंगरांच्या माथ्यावर इटालियन सैन्य. फेब्रुवारी १९४१ मध्ये पहिले हल्ले फसले. मग १५ मार्चला मोठा हल्ला झाला. दिवसभर पुढच्या पलटणी उन्हात कातळाला चिकटून पडल्या. रात्री चंद्र वर आल्यावर तिसरी मराठा पलटण पिनॅकल नावाच्या सुळक्यावर चढली आणि पहाटेपूर्वी तो घेतला. तो घेतला म्हणून शेजारचा डोलोगोरोडॉकचा किल्ला सकाळपर्यंत पडला, आणि किल्ला पडला म्हणून खिंड मोकळी करता आली. पण त्यानंतरही कित्येक दिवस उलटे हल्ले चालूच होते. केरन पडलं २७ मार्चला.

पाणी, गोळी, रोटी, सगळं माणसांनी पाठीवर वर न्यायचं. जखमी खाली आणायचा तर एकेकाला चार-चार माणसं लागायची. आपल्या बाजूचे पाचशेच्या वर मेले, तीन हजारांच्या वर जखमी झाले. समोरच्यांचे मेलेले याच्या कितीतरी पट. आणि समोरचे म्हणजे फक्त गोरे नव्हते. इरिट्रियातले स्थानिक भरती केलेले शिपाई फार मोठ्या संख्येने होते, त्यांना अस्करी म्हणत. त्यातले बरेच अनवाणीच लढायचे. ताईंच्या आजोबांनी पाहिलेल्या भेगा त्यांच्याच.

"बारा दिवस उन्हात होती" हेही जुळतं. १५ ते २७, बरोबर बारा.

मोडीवाला

सुभेदारसाहेब, तुम्ही तारखा दिल्यात म्हणून पंचांग काढलं. १९४१ साली होळी पौर्णिमा १३ मार्चला होती. "पुनव होऊन दोन दिवस" म्हणजे १५ मार्च. आणि त्या वर्षीचा पाडवा २८ मार्चला. चैत्र शुद्ध प्रतिपदेला बसून माणूस लिहितो, "काल किरन पडले." काल म्हणजे २७.

एकही इंग्रजी तारीख न लिहिता त्यांनी सगळं सांगून ठेवलंय.

उसगावची सून

मी रात्री हे वाचलं आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाही. सकाळी मामाला फोन केला. तोही गप्प झाला. मग म्हणाला, "म्हंजे आमी इतकी वर्सां गावाक जेवण वाढी होतंव?"

मला काय वाटतंय ते नीट सांगता येत नाही. किरणचा चेहरासुद्धा आम्ही ठरवलेला होता. सावळा, उंच, आजोबांपेक्षा थोडा मोठा. आजी सांगायची, तो बासरी वाजवायचा. हे तिला कुणी सांगितलं असेल? आजोबा तर काहीच बोलायचे नाहीत. ती वर्षानुवर्षं ते पान वाढायची, आणि ते डोळे पुसत अंगणात उभे राहून कावळ्याची वाट बघायचे. त्यांना तर माहीत होतं ना किरन काय आहे ते! तरी एकदाही तिला सांगितलं नाही की अगं, तो माणूस नव्हे.

रानफूल

ताई, कदाचित म्हणूनच सांगितलं नसेल. एका माणसाला वाढणं जमतं. त्या सगळ्या डोंगराला कसं वाढायचं?

फोंड्याचा मास्तर

थोडं कडू लिहितो, राग नसावा. ही माणसं इंग्रजांची पगारी शिपाई होती. तेव्हा इकडं आपण पोर्तुगीजांखाली, तिकडं सगळा देश इंग्रजांखाली. स्वातंत्र्याची चळवळ चालली असताना दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी आफ्रिकेत जाऊन लढण्यात अभिमान कसला वाटून घ्यायचा, हे मला कधी कळलं नाही.

उसगावची सून

मास्तर, रागवत नाही. पण तुम्ही पान पुन्हा वाचा. तुम्ही म्हणताय तेच त्यांनी पाडव्याच्या दिवशी तिथं बसून लिहिलंय. "तोही आमच्यासारखाच दुसऱ्याच्या राजाचा चाकर." वयाच्या चोविसाव्या वर्षी, ज्याच्याशी लढले त्याच्या पायाकडं बघून. अभिमानाचं पान त्या स्मरणिकेवाल्यांनी छापलंच. मी हे दुसरं वाचा म्हणतेय.

फोंड्याचा मास्तर

वाचलं. ते वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. चुकलं माझं, ताई.

माजी सुभेदार, साखळी

मास्तरांच्या प्रश्नाला मीही आयुष्यभर तोंड देत आलोय, म्हणून दोन शब्द. माझे चुलते भरती झाले तेव्हा घरात खाणारी अकरा तोंडं आणि वरकस जमीन. बेळगावला पोटभर जेवण आणि महिन्याला रोख पगार. भरतीवाला गावात आला की पोरं पळत जायची. साम्राज्य वगैरे कुणाच्या डोक्यात होतं?

आता दुसरं. पत्राला पाकीट नाही म्हणालात. टपालाने जाणारं प्रत्येक पत्र अधिकारी वाचायचा, ठिकाण किंवा लढाई लिहिलेली दिसली की खोडायचा. म्हणून शिपाई 'खुशाल आहे, पैसे पाठवतो' याच्या पुढं जात नसत. हे पत्र त्या वाटेने आलेलंच नाही. गावाकडं परतणाऱ्या जखमी सोबत्याच्या हाती दिलं असणार. ते पान चार घड्या करून तेलकट कागदात का आलं, ते त्यावरून कळतं. कुणाच्या तरी छातीच्या खिशातून ते पोर्ट सुदानहून मुंबईपर्यंत आलं असेल. तुमच्या गावात तेव्हा हात किंवा पाय गेलेलं कुणी परत आलं होतं का, मामांना विचारा.

उसगावची सून

विचारलं! मामा म्हणतो, वरच्या वाडीत एक लंगडे आबा होते, पोरं त्यांना 'हवालदार' म्हणून चिडवायची. आजोबा दर दसऱ्याला पहिलं सोनं द्यायला त्यांच्याकडं जायचे, देवळात जायच्याही आधी. आम्हाला वाटायचं, वयाने मोठे म्हणून.

अभिलेख

मध्येच थोडं व्यवहाराचं. ताई, कृपा करून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. तो जांभळा रंग पाण्याने पसरतो, तेव्हा ओला हात लावू नका. घड्या उघडून सपाट ठेवा, कपाटात नको, आपल्याकडं पावसाळ्यात कसर लागते. फ्लॅश न वापरता खिडकीपाशी सकाळच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पणजीला पुराभिलेख खात्यात विचारलं तर कागद जपण्याबद्दल सांगतील.

भाटकार

मी आधी इटली म्हटलं ते चुकलं. पण त्याच निमित्ताने तिसऱ्या पलटणीचा पुढचा मागोवा घेतला आणि जे सापडलं ते इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

युद्धानंतर ही पलटण हवाई छत्रीधारी झाली. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, मराठा. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात टांगाईलला उतरली ती हीच. आणि त्याच्या दहा वर्षं आधी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडबरोबर ती आपल्याकडं आली. पूर्वेकडच्या तुकडीत होती. वाट कुठली माहीत आहे? उसगाववरून फोंडा.

ताई, तुमच्या आजोबांची पलटण तुमच्या सासरच्या दारावरून गेली आहे.

उसगावची सून

भाटकारदादा, मी फोन तसाच हातात धरून मामंजींकडं गेले. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. १९६१ साली ते अकरा वर्षांचे होते. विचारलं, फौज आली ते आठवतं का तुम्हाला?

म्हणाले, आठवतं. आदल्या दिवसापासून पोर्तुगीज पूल उडवत होते, त्याचे आवाज येत होते. सगळे घरात दडून बसलेले. मग पावलांचे आवाज आले आणि कुणीतरी बाहेरून मराठीत हाक मारली, "घरात कोण आहे? घाबरू नका, पाणी मिळेल का?" त्यांच्या आईने कळशी बाहेर नेली. एक शिपाई पाणी प्याला आणि कळशी परत देताना त्याने आधी ती विसळली. मामंजींना त्या दिवसातलं तेवढंच लख्ख आठवतं, धूळ भरलेल्या हातांनी कळशी विसळणारा माणूस.

मी त्यांना दुसरं पान वाचून दाखवलं. "प्यालो आणि ओकलो" आलं तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

रानफूल

आता पानाचं काय करणार, ताई? म्हाळ महिन्यावर आलाय.

देवघर

मी भिक्षुकी करतो, म्हणून लिहितो. महालयात आपल्या कुळापुरतंच देतात असं नाही. मित्र, गुरू, आश्रित, सगळ्यांची नावं घेतात. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो. तर्पणातही, ज्यांना पुत्र नाही, नाव घेणारं नाही, त्यांनी या पाण्याने तृप्त व्हावं असं म्हणतात. तेव्हा 'किरनचे म्हणून एक पान' यात शास्त्राला सोडून काही नाही. तुमच्या आजोबांना ते नेमकं ठाऊक होतं. त्यांनी पान मागितलं, पण कुठल्या बाजूच्यांसाठी ते लिहिलं नाही.

माजी सुभेदार, साखळी

एक राहिलं. केरनच्या युद्धस्मशानात एक दहनस्मारक आहे. आपले जे हिंदू आणि शीख जवान तिथं दहन केले, त्यांची अडीचशेहून अधिक नावं त्यावर कोरलेली आहेत. "लाकूड फार लांबून आणले" असं तुमच्या पत्रात आहे, त्या चितांवरची ती माणसं. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम, व्हिक्टोरिया क्रॉस, यांचंही नाव तिथंच आहे. कधी तिकडं कुणी गेलं तर माझ्यातर्फे हात जोडा.

उसगावची सून

सगळ्यांचे फार आभार. मी काल माहेरी जाऊन आले. मामा, मामी, मी आणि मामाची दोन्ही मुलं बसलो, आणि पहिल्यांदा घरात दुसरं पान मोठ्याने वाचलं. मामीला विचारलं, यंदा कसं करूया? ती म्हणाली, "कसा म्हंजे? वाढतंव तसाच वाढुया." मग थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "पाणी मातर जास्त ठेवूक होया."

तर यंदा पान तेच, वडे, आळू, सांबार, खीर. शेजारी तांब्याऐवजी कळशी. मामाच्या धाकट्याने विचारलं, किरनचं नाव घ्यायचं की केरनचं? मामा म्हणाला, आजी म्हणायची तसंच.